एका जाम नटाची कुळकथा

होळी झाली की रावेर तालुक्यातल्या गॅरेजांमधली तक्रार बदलते. थंडीत सेल्फ आणि बॅटरीचं रडगाणं घेऊन येणारी गिऱ्हाइकं आता एकच सांगत येतात: एसी लावला की गरम हवा येते. गाडी बहुतेक जुनी, दोन-तीन मालक बघितलेली. बॉनेट उघडलं की मिस्त्रीची नजर इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याकडे जाते. तिथून दोन नळ्या आत शिरतात, एक जाड आणि एक बारीक. आत कुलिंग कॉइल असते. ती बाहेर काढायची तर आधी या नळ्यांच्या तोंडावरचे षटकोनी नट सुटायला हवेत.

जाड नळीवरचा नट जवळून बघितला तर त्याच्या काठाला पांढरट भुकटी दिसते. खडूची पूड सांडल्यासारखी, पण बोटाने पुसली तर जात नाही. नटाचे दोन कोपरे आधीच्या कुणाच्या तरी पान्याने गोल केलेले असतात. त्यावर तेलाचा आणि धुळीचा काळा थर असतो, म्हणजे गॅस इथूनच हळूहळू निघून जात होता. मिस्त्री पाना लावतो, जोर देतो, आणि नट जागचा हलत नाही. शेजारी उभा असलेला जाणकार हमखास सांगतो, ‘जोर नको लावू भो, पाइप पिळून जाईन.’

नट सुटला नाही की दोष मिस्त्रीच्या मनगटाला किंवा गाडीच्या वयाला दिला जातो. वयाचा वाटा आहेच. पण त्या दोन-चार आट्यांमध्ये डेट्रॉइट, जपान, माँट्रियल आणि दिल्ली इथे निरनिराळ्या काळात झालेले निर्णय एकमेकांत गुंतून बसलेले आहेत, आणि वर खानदेशच्या उन्हाने व केळीच्या मातीने त्यांना पक्कं केलं आहे.

उन्हाचं रावेरकरांना नव्याने काही सांगायला नको. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे काळी कसदार जमीन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीपार जातो तेव्हा इथे वेगळं काही घडत नाही. हे गाव १७६३ मध्ये निजामाकडून पेशव्यांकडे आलं आणि पेशव्यांनी ते होळकरांना दिलं. इंग्रजी अमदानीत ते सोनेरी जर आणि कापडचोपड यांसाठी ओळखलं जाई. थोरल्या बाजीरावांचा अंत जिथे झाला ते रावेरखेडी मात्र हे नव्हे. ते नर्मदेकाठी, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात आहे. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गल्लत होते. तरी २८ एप्रिल १७४०, म्हणजे ऐन वैशाख, ही तारीख आणि ज्वराने आलेला मृत्यू बघितला की या पट्ट्यातला उन्हाळा छावणीत काढणं काय असेल याचा अंदाज येतो.

उन्हावरचा जुना उपाय साधा होता: उन्हात निघायचंच नाही. बैलगाड्या पहाटे जुंपल्या जात आणि दुपारी झाडाखाली सुटत. रेल्वेने हा नेम मोडला, कारण गाडीचं वेळापत्रक सूर्याला विचारून ठरत नाही. भुसावळहून खांडव्याकडे जाणारा लोहमार्ग रावेरवरून जातो. हाच मार्ग पुढे जबलपूरवरून अलाहाबादला जोडला गेला आणि मार्च १८७० मध्ये मुंबई-कोलकाता प्रवास रुळांवरून सलग शक्य झाला. वरच्या वर्गाच्या साहेबांसाठी खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे आले. थंड डबा त्यानंतर बऱ्याच काळाने, १९३४ मध्ये, फ्रंटियर मेलला लागला. त्यात यंत्र नव्हतंच. डब्याखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवायच्या, पंख्याने हवा त्यावरून आत सोडायची आणि वाटेतल्या स्टेशनांवर लाद्या बदलायच्या. ती गाडी बडोदा-रतलाममार्गे जाई. खानदेशच्या वाट्याला ती गारवाही आली नाही.

मोटारीतला यांत्रिक गारवा अमेरिकेत जन्मला. पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस शिकागोच्या मोटार प्रदर्शनात वातानुकूलित गाडी मांडली. किंमत गाडीच्या वर २७४ डॉलर. कुलिंग कॉइल मागे डिकीत होती, त्यामुळे थंड हवा आधी मागच्या प्रवाशांच्या मानेवर येई. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा! गिऱ्हाइकांनी फारसा उत्साह दाखवला नाही आणि दोनच वर्षांत हा प्रकार गुंडाळला गेला. सगळं यंत्र पुढे, इंजिनाजवळ आणि डॅशबोर्डाखाली नेटकं बसवून स्वस्तात देण्याची करामत १९५४ मध्ये नॅश कंपनीने केली. आजच्या मोटारीतली मांडणी तिथून आली, आणि पत्र्यातून आत शिरणाऱ्या त्या दोन नळ्याही.

या सगळ्यात खेळणारा गॅसही अमेरिकीच. त्याआधी थंड करणाऱ्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. गळती झाली की माणसं दगावत. जनरल मोटर्सचे रसायनतज्ज्ञ थॉमस मिज्ले यांनी बिनविषारी, न जळणारा पर्याय शोधला, आणि १९३० मध्ये सभेत तो गॅस छातीभर ओढून मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, मिज्ले ठणठणीत. फ्रेऑन-१२, म्हणजे पुढे जगभरच्या मिस्त्रींचा ‘आर-बारा’, असा लोकांसमोर आला. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थांची. एकाच माणसाने हवेचे दोन मोठे घोटाळे करून ठेवावेत, हा योगायोग थोराचाच.

तिसरा तुकडा रबराचा. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेले नील्स ख्रिस्तेन्सन यांना ओ-रिंगचं पेटंट १९३९ मध्येच मिळालं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी ती अमेरिकी सरकारने सर्वांना खुली केली. खोबणीत बसलेली रबराची बारीक कडी, आतून दाब वाढला की ती आणखी घट्ट बसते. तिच्यामुळे नट फार आवळायची गरज उरली नाही. हे वाक्य प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर रंगवून ठेवायला हरकत नाही, कारण जाम झालेल्या नटांपैकी कित्येकांचं मूळ दुखणं गंज नसून आधीच्या मिस्त्रीने जीव खाऊन मारलेला पाना हे असतं.

भारतात हे सगळं फार उशिरा आलं, आणि आलं तेही मागच्या दाराने. ॲम्बेसेडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा १९५७ पासूनचा देशी अवतार. फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. दोन्ही गाड्या थंड युरोपात आखलेल्या. एसीला त्यांच्यात जागाच नव्हती. हौशी मालक बाहेरून एसी बसवून घेत. डॅशबोर्डाखाली लटकवलेली पेटी, पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर, रेडिएटरच्या तोंडावर कंडेन्सर. घाटात इंजिन तापायचं, मग एसी बंद, खिडक्या खाली. त्या काळच्या जोडण्या तांब्या-पितळेच्या आणि फ्लेअर नटाच्या होत्या: नळीचं तोंड फुलवायचं आणि नटाने दाबून बसवायचं. पितळी नट कुरकुरत का होईना, सुटायचे. नळीचं तोंड चिरलं तर कापून नव्याने फुलवता यायचं. घरातल्या फ्रिजचं काम करणाऱ्यालाही ते जमे.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० रस्त्यावर आली आणि खेळ बदलला. कारखान्यातूनच बसवलेला एसी मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. मारुतीला एसी पुरवण्यासाठी सुब्रोस ही कंपनी १९८५ मध्ये सुझुकी आणि जपानच्या डेन्सोच्या साथीने उभी राहिली. वजन आणि खर्च वाचवायचा म्हणून तांबं-पितळ हळूहळू हद्दपार झालं आणि ॲल्युमिनियम आलं. कॉइल ॲल्युमिनियमची, कंडेन्सर ॲल्युमिनियमचा, नळ्याही ॲल्युमिनियमच्याच. ७९६ सीसीच्या इंजिनाला हा भार जाणवायचा. ओव्हरटेक करताना एसीचं बटण बंद करायची सवय एका अख्ख्या पिढीला लागली ती या गाडीने.

रावेर-यावलच्या रस्त्यांवर तेव्हा जीप आणि काळी-पिवळीचं राज्य होतं. बॉनेटवर पाण्याचा डबा, मागे दारात लोंबकळणारी माणसं; तिथे एसीची भाषा कोण करणार? १९९४ मध्ये सुमो आली, २००० मध्ये बोलेरो, दोहोंच्या मधे इंडिका. केळीला भाव चांगला मिळाला की त्या वर्षी गावात नव्या गाड्या दिसत. भाव पडला की त्याच गाड्या दुसऱ्या हाती जात. पुण्या-मुंबईकडे वापरून झालेल्या गाड्याही इकडे येत राहिल्या. अशा गाडीबरोबर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत सुरू झालेला गंज फुकट मिळतो.

गंजाची ही गोष्ट मोटारीहून फार जुनी आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा मारला, कारण समुद्री किडे लाकूड पोखरत. दोन वर्षांनी जहाज तपासलं तर तांबं जसंच्या तसं, पण त्याला धरून ठेवणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी: त्यातला एक धातू झिजून दुसऱ्याला वाचवतो. अर्धशतक उलटण्याआधीच व्होल्टाने याच तत्त्वावर पहिली बॅटरी बनवली.

मोटारीतल्या जाड नळीवर नेमकं हेच घडतं. कॉइलमधून थंडगार गॅस याच नळीने कॉम्प्रेसरकडे परततो, म्हणून एसी चालू असेपर्यंत नटावर दव साचून असतं. जुन्या गाड्यांत नट पुष्कळदा पोलादाचा आणि नळीचं टोक ॲल्युमिनियमचं. दव, रस्त्याची धूळ, थोडं मीठ, की झाली बॅटरी. झिजतो तो ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांच्या फटीत ठासून बसते. दोन्ही भाग ॲल्युमिनियमचे असले तरी सुटका नाही. मऊ धातूचे आटे एकमेकांना चावतात.

रावेरला समुद्र नाही, पण मीठ आहे. केळी हे पालाशखाऊ पीक. शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच चुलतभाऊ, आणि क्लोराइड हा ॲल्युमिनियमचा जुना वैरी. खताच्या गोण्या डिकीतून नेणारी, पावसाळ्यात मळ्याच्या चिखलात रुतणारी गाडी दहा वर्षांत काय काय अंगावर घेते ते बॉनेटखाली दिसतं. भरीला खानदेशी काटकसर: एसी मार्च ते जून, मग पुढच्या होळीपर्यंत बंद. यंत्र फिरलं नाही की तेल फिरत नाही, रबराच्या कड्या सुकतात, गॅस झिरपतो. महिन्यातून एकदा, थंडीतसुद्धा, दहा मिनिटं एसी चालवावा हा मिस्त्रींचा सल्ला बिनखर्चाचा असूनही कुणी ऐकत नाही.

तरीही १९९० पर्यंत हे नट क्वचितच उघडावे लागत. गॅस कमी झाला की वरून भरायचा, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचं. आर-बारा मुबलक होता. भारतात तो बनवणारा नवीन फ्लोरिनचा कारखाना सुरतेजवळ भेस्तानला होता आणि त्यांचा ‘माफ्रॉन’ हा शब्द पश्चिम भारतातल्या फ्रिजवाल्यांच्या तोंडी बसलेला. गळती शोधायची तर हॅलाइड टॉर्च. छोटी बत्ती, तिला एक रबरी नळी, आणि ज्योतीत तापून लाल होणारा तांब्याचा तुकडा. नळीचं तोंड जोडणीजवळ हळूहळू फिरवायचं. हवेत आर-बारा असला की त्यातल्या क्लोरिनमुळे निळी ज्योत हिरवी होई. गॅरेजच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, बॉनेटवर वाकून, ज्योत कुठे हिरवी होते ते बघत बसलेला मिस्त्री हे त्या काळातलं या धंद्याचं चित्र. त्या ज्योतीतून विषारी फॉस्जीनही थोडा निघतो. बत्ती वापरणाऱ्या कितीजणांना कुणी ते सांगितलं असेल?

त्याच क्लोरिनने आर-बाराचा घात केला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं की आर-बारासारखे सीएफसी गॅस वरच्या वातावरणात फुटून ओझोन खातात. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरची ओझोनची घट जगापुढे मांडली. १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन वाचवण्यासाठी माँट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. सन २००० च्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २००३ नंतर नव्या एसीत सीएफसी वापरायला बंदी आली, आणि १ ऑगस्ट २००८ पासून, ठरलेल्या मुदतीच्या १७ महिने आधीच, काही औषधी फवाऱ्यांचा अपवाद सोडता देशातलं सीएफसीचं उत्पादन थांबलं.

नवा गॅस आर-१३४ए. ओझोनला निरुपद्रवी, पण जुन्या संसारात न रुळणारा. जुनं खनिज तेल त्याच्याबरोबर फिरत नाही, म्हणून पीएजी तेल हवं. ते तेल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून उघडी बाटली बाद. जुन्या काळ्या कड्या त्याच्यासाठी योग्य नाहीत, म्हणून वेगळ्या रबराच्या, बहुधा हिरव्या. जुन्या रबरी होजमधून तो जास्त झिरपतो. गॅस भरायचं तोंडही मुद्दाम वेगळं केलं, चुकून जुना भरला जाऊ नये म्हणून. हॅलाइड टॉर्च एका रात्रीत भंगारात गेली, कारण या गॅसमध्ये क्लोरिनच नाही. तिची जागा इलेक्ट्रॉनिक शोधक यंत्राने, नाहीतर साबणाच्या फेसाने घेतली.

माँट्रियलमधल्या सह्यांचा आणि रावेरमधल्या जाम नटाचा संबंध इथे येतो. जुन्या गाडीत नवा गॅस नीट भरायचा तर प्रत्येक जोडणी उघडून प्रत्येक कडी बदलायला हवी. कारखान्यात आवळल्यापासून कधीच न हललेले नट देशभरच्या गॅरेजांत एकाच दशकात उघडायची वेळ आली. दुरुस्ती करणाऱ्यांना शिकवण्यासाठी २००४ पासून राष्ट्रीय पातळीवरच्या सीएफसी हटाव योजनेखाली प्रशिक्षणं झाली. तालुक्याच्या गावातली हाताखालची पोरं मात्र नट मोडत मोडतच शिकली. आणि कित्येकांनी सरळ शॉर्टकट घेतला: कड्या जुन्या, तेल जुनं, वर नवा गॅस. त्या गाड्या दर होळीला परत येतात.

नट सोडवण्याची रीत वाचायला सोपी आहे. आधी आतला गॅस काढून घ्यायचा, आणि तो यंत्राने सिलिंडरमध्ये. हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नसला तरी वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट भारी आहे. शिवाय चाळीस अंशाच्या दुपारी बंद गाडीतही आत सुमारे नऊ बारचा दाब असतो, टायरच्या चौपट. अर्धवट सुटलेल्या नटातून तो फवारा डोळ्यात गेला तर उणे सव्वीस अंशाला उकळणारा द्रव डोळ्याचं काय करेल ते सांगायला नको. चष्मा हवाच, आणि तोच गॅरेजमध्ये कुठे सापडत नाही.

मग तारेचा ब्रश. आट्यांभोवतीची भुकटी आणि माती झाडून काढायची, नाहीतर तेल आत जाणारच नाही. तेल म्हणजे पातळ, फटीत शिरणारं. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने अमेरिकी क्षेपणास्त्रांचा पत्रा गंजू नये म्हणून बनवलेलं डब्ल्यूडी-४० आज जगभरच्या गॅरेजांत आहे. त्याआधी रॉकेल होतं, आणि रेशनवर मिळायचं. कुठलंही वापरा, त्याला वेळ द्यावा लागतो. रात्री तेल सोडून सकाळी हात घालणारा मिस्त्री जिंकतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलेला हरतो.

खरी कसोटी दोन पान्यांची. एका पान्याने नळीच्या बाजूचा षटकोन घट्ट धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. दोन्ही हात एकमेकांकडे दाबले जातील असे पाने लावायचे, म्हणजे जोर जोडणीतच जिरतो आणि नळीला पीळ बसत नाही. नट कोपऱ्यांवर गोल होऊ नये म्हणून साध्या फिक्स पान्यापेक्षा पाच बाजू पकडणारा, तोंडाशी फट असलेला रिंग पाना बरा. पहिला झटका सोडवायच्या दिशेने नको. आधी केसभर आवळायचा, मग सोडवायचा, पुन्हा आवळायचा. प्रत्येक फेरीला थोडी भुकटी तुटते, तेल आणखी आत शिरतं. नटाच्या बाजूवर छोट्या हातोडीने टकटक केली तरी फरक पडतो. बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि पाना हातात सैल होतो, तेव्हा दोन गोष्टींपैकी एक झालेली असते: नट सुटला, नाहीतर नळी तुटली.

तापवण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण चाकाचे नट तापवूनच सुटतात. इथे तो घातक. ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशाला वितळतो. आधी काही कळत नाही आणि मग नळीचं टोक थेंब होऊन खाली पडतं. आत राहिलेल्या गॅसवर आणि तेलावर ज्योत गेली तर आम्लाची वाफ होते, जुन्या गॅसच्या बाबतीत फॉस्जीनसुद्धा. फार तर गरम हवेची गन, आणि तीही यंत्रणा रिकामी झाल्यावर.

काहीच चाललं नाही की नट चिरायचा. हॅक्सॉच्या पात्याने नटाच्या एका बाजूवर आट्यांपर्यंत उभी फट पाडायची, आणि त्यात छिन्नी घालून नट फाकवायचा. नट गेला तरी चालेल, आतल्या टोकाचे आटे वाचले पाहिजेत. पात्याचे दात आट्यांना लागण्याआधी, शेवटचा कागदाएवढा धातू उरला असताना थांबणारा हात हाच या धंद्यातला कसबी हात. आटे गेले तर मग नळी कापून आर्गन वेल्डिंग करून घ्या, किंवा भंगारातल्या गाडीची कॉइल शोधा. दोन्हीसाठी बऱ्हाणपूर किंवा भुसावळ गाठावं लागतं.

अनोळखी गाडीचा नट उघडताना आणखी एक भीती अलीकडची आहे: आत कुठला गॅस आहे ते बाहेरून कळत नाही. २०११ मध्ये जगभरात काही शीत कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून तीनजण मेले. तपासात निघालं की दुरुस्तीच्या वेळी नकली आर-१३४ए भरला होता आणि त्यात मिथाइल क्लोराइड होतं, म्हणजे मिज्ले यांनी ज्याला पर्याय शोधला तोच जुना विषारी गॅस. ॲल्युमिनियमशी त्याची गाठ पडली की हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार होतो. रावेरला ही बातमी दूरची नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची बावीस टन मानांकित केळी २०२१ मध्ये दुबईला गेली. शीत कंटेनरात केळीला तेरा-चौदा अंश लागतात. त्याखाली साल काळी पडते, वर गेलं की घड वाटेतच पिकतो.

मालाला गारवा मिळाला तरी तो ओढणाऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये आजवर खिडकी आणि ओला गमछा एवढंच होतं. केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. म्हणजे सावद्याहून केळी भरून दिल्लीला निघणारा ड्रायव्हर पुढेमागे थंड केबिनमध्ये बसेल, आणि ट्रकची कामं करणाऱ्या गॅरेजांना एसीचा धंदा शिकावा लागेल. तोही बदलत्या गॅससकट. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली; त्याप्रमाणे आर-१३४ए सारख्या गॅसांचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. युरोपातल्या नव्या गाड्यांत १२३४वायएफ नावाचा पुढचा गॅस आधीच आहे. तो महाग आहे आणि थोडा ज्वलनशीलही.

जोडण्याही बदलल्या. नव्या गाड्यांत मोठे षटकोनी नट जवळपास दिसत नाहीत. दोन नळ्यांची तोंडं ॲल्युमिनियमच्या एका चौकोनी ठोकळ्यात बसवतात आणि मधोमध एकच बोल्ट आवळतात, सहा मिलिमीटरचा, दहाच्या पान्याचा. पीळ बसायचा धोका संपला, नळ्या वाचल्या. बोल्ट मात्र पोलादाचा आणि ठोकळा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे दहा उन्हाळ्यांनी त्याचं डोकं तुटून हातात येतं. मग बरोबर मध्यावर पंचाची खूण करून बारीक ड्रिलने तो पोखरून काढायचा, आणि टॅप फिरवून आटे नव्याने पाडायचे.